लोकमत, बंदूक आणि कायदा

मराठीत ‘हत्यार’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. सैनिकाच्या कमरेची तलवार हे हत्यार, आणि सुताराच्या हातातील पटाशी हेही हत्यारच. खंडेनवमीच्या दिवशी आपण दोहोंचीही पूजा करतो. ज्याच्या घरी तलवार नाही तो कोयता, विळा, करवत यांवर फूल वाहतो आणि त्यात त्याला काही उणे वाटत नाही. जी वस्तू एकाला संहाराचे साधन वाटते तीच दुसऱ्याला पोटापाण्याचे आणि मानाचे साधन वाटू शकते, हे आपल्या भाषेने एकाच शब्दात सांगून ठेवले आहे. आज ज्या प्रश्नाविषयी मला बोलावयाचे आहे तो दूरच्या देशातला, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतला आहे. पण त्याचे एक मूळ या शब्दाच्या दोन अर्थांत सापडते, असे मला वाटते.

१४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकट राज्यातील न्यूटाउन या गावी एका २० वर्षांच्या तरुणाने प्राथमिक शाळेत शिरून २० मुले आणि शाळेतील ६ प्रौढ व्यक्ती यांना गोळ्या घालून ठार केले. मुले सहा-सात वर्षांची होती. सारा देश हादरला. राष्ट्राध्यक्ष ओबामा यांना त्या दिवशी बोलताना अश्रू आवरले नाहीत. आता तरी कायदा होईल, असे प्रत्येकास वाटले. त्यानंतर चार महिन्यांनी, १७ एप्रिल २०१३ रोजी, सेनेटपुढे एक सूचना आली. ती मांडणारे दोघे सभासद, पश्चिम व्हर्जिनियाचे जो मँचिन आणि पेनसिल्व्हेनियाचे पॅट टूमी, परस्परविरोधी पक्षांचे होते आणि दोघेही बंदूक बाळगण्याच्या हक्काचे पुरस्कर्ते म्हणून ओळखले जात. सूचना अगदी माफक होती. परवानाधारक दुकानदाराकडून बंदूक घेताना गिऱ्हाइकाची पूर्वपीठिका तपासली जाते. तशीच तपासणी बंदुकांच्या जत्रांत आणि जाहिरातीवरून होणाऱ्या विक्रीतही व्हावी, एवढेच तिचे म्हणणे. कोणाच्या घरची एकही बंदूक त्यामुळे जाणार नव्हती. लोकमताच्या चाचण्यांत दहापैकी सुमारे नऊ लोक अशा तपासणीला अनुकूल होते. सूचनेच्या बाजूने ५४ मते पडली, विरुद्ध ४६ पडली, आणि सूचना नामंजूर झाली.

ही बातमी वाचणाऱ्या आपल्याकडील माणसास पहिला प्रश्न पडतो तो हा की, ५४ हे ४६ पेक्षा अधिक नव्हेत काय? आणि दुसरा प्रश्न असा की, ज्या देशात दहातले नऊ जण एक गोष्ट मागतात, आणि जो देश स्वतःस लोकशाहीचा आद्य उपासक म्हणवितो, त्या देशात ती गोष्ट का होत नाही? हा प्रश्न आपणांस अगदीच परका नाही. २००७ साली व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जणांचा बळी गेला. त्यांत तामिळनाडूतून गेलेले एक प्राध्यापक होते, आणि मुंबईहून वास्तुकलेचे उच्च शिक्षण घेण्यास गेलेली एक विद्यार्थिनीही होती. आपल्या घरोघरची मुले आज त्या देशात शिकत आहेत, नोकऱ्या करीत आहेत. तेथील कायदा का होतो अथवा का होत नाही, हे समजून घेणे आपल्याही हिताचे आहे.

प्रथम प्रश्नाचा आकार पाहू. २०२३ साली अमेरिकेत बंदुकीने ४६,७२८ माणसे मेली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे २७,३००, आत्महत्या होत्या आणि सुमारे १७,९०० खून होते. नागरिकांच्या हाती असलेल्या बंदुकांची संख्या जिनेव्हा येथील एका अभ्याससंस्थेने २०१८ मध्ये सुमारे ३९ कोटी ठरविली. लोकसंख्येहून बंदुका अधिक आहेत, असा दुसरा देश तिच्या यादीत नव्हता. मात्र या बंदुका सर्वांत सारख्या वाटल्या गेलेल्या नाहीत. प्रौढांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकच आपल्या मालकीची बंदूक असल्याचे सांगतात. या एकतृतीयांशाला उरलेले दोनतृतीयांश का बांधू शकत नाहीत, हा खरा आजचा विषय आहे.

याचे सर्वांच्या तोंडी असलेले उत्तर म्हणजे तेथील राज्यघटना. १७९१ साली संमत झालेल्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने नागरी सेनेचा उल्लेख करून शस्त्र बाळगण्याचा जनतेचा हक्क अबाधित ठेवला. हा हक्क नागरी सेनेपुरता की प्रत्येक व्यक्तीचा, हा वाद दोन शतके चालला. सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निर्णय २००८ साली हेलर खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी व्यक्तीच्या बाजूने दिला. २०१० मध्ये तो राज्यांनाही लागू केला, आणि २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्याचा शंभर वर्षांहून जुना परवान्याचा निर्बंध रद्द करताना, शस्त्रांवरील कोणताही कायदा देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी जुळला पाहिजे, असा दंडक घातला. तथापि, घटना हे पुरेसे उत्तर नव्हे. हेलर खटल्याच्या निकालातच न्यायालयाने म्हटले होते की, गुन्हेगारांना बंदी घालणे, विक्रीवर अटी लावणे हे घटनाबाह्य ठरत नाही. २०२४ मध्ये, कौटुंबिक हिंसाचारामुळे न्यायालयाचा मनाई हुकूम झालेल्या माणसाकडील बंदूक काढून घेणारा कायदा याच न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी उचलून धरला. अर्थात, २०१३ ची ती माफक सूचना न्यायालयात पडली नाही. न्यायालयाच्या पायरीपर्यंत ती पोहोचलीच नाही.

येथे आपल्या इतिहासातील एक प्रकरण आठवते. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ साली हत्यारांचा कायदा झाला आणि हिंदी माणसाला शस्त्र बाळगण्यास परवाना आवश्यक झाला, तर युरोपियनांना त्यातून सूट मिळाली. हा अपमान राष्ट्रीय चळवळीच्या मनात सलत राहिला. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. पुढे १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णू कामत यांनी तो हक्क घटनेत घालावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि समितीने ती फेटाळली. ज्या सरकारवर अविश्वास होता ते गेले होते. नव्या सरकारवर अविश्वास धरावयास त्या सभागृहाला कारण दिसत नव्हते. म्हणून १९५९ चा आपला शस्त्र अधिनियम परवान्याच्या तत्त्वावर उभा राहिला, आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असे ठरविले, तेव्हाही देशात वादळ उठले नाही. अमेरिकेचा जन्म मात्र सशस्त्र शेतकऱ्यांनी राजाच्या फौजेवर केलेल्या गोळीबारातून झाला आहे. तेथे सरकारवरचा अविश्वास हा घटनेच्या पायातला दगड आहे.

आता ५४ आणि ४६ चे गणित. सेनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोन सभासद असतात, मग ते राज्य केवढेही असो. २०२० च्या खानेसुमारीत कॅलिफोर्नियाची वस्ती ३ कोटी ९५ लाख भरली, वायोमिंगची ५ लाख ७७ हजार. दोघांना दोन दोन सभासद! आपल्या राज्यसभेत महाराष्ट्राला १९ जागा आहेत आणि गोव्याला १. तेथे आपल्या पद्धतीऐवजी प्रत्येकास दोन दोन जागा असत्या, तर सभागृहाचे चित्र केवढे पालटले असते, याची कल्पना करावी. ज्या राज्यांत वस्ती विरळ, रान मोठे आणि शिकार हा घरोघरचा रिवाज, अशी राज्ये संख्येने पुष्कळ आहेत. दाट वस्तीची शहरे मात्र मोजक्या राज्यांत गोळा झालेली आहेत. त्यावर आणखी एक नियम असा की, चर्चा थांबवून मत घ्यावयाचे तर १०० पैकी ६० सभासदांची संमती व्यवहारात लागतेच. हा नियम घटनेत नाही; सेनेटने तो स्वतःच स्वतःस लावून घेतला आहे. तेव्हा ५४ मते ही बहुमताची असूनही अपुरी ठरतात. प्रतिनिधिगृहाने २०१९ साली आणि पुन्हा २०२१ साली सर्व विक्रीवर तपासणी बसविणारे विधेयक मंजूर केले होते. दोन्ही वेळा ते सेनेटच्या दारात पडून राहिले. आणि घटनाच बदलावयाची म्हटली, तर दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश बहुमत आणि ५० पैकी ३८ राज्यांची मान्यता लागते. १३ राज्ये ‘नाही’ म्हणाली की विषय संपला.

परंतु नियम हे निर्जीव असतात. त्यांचा उपयोग कोणी तरी करून घ्यावा लागतो. येथे आपण प्रश्नाच्या गाभ्याशी येतो. लोकमताची चाचणी माणसे मोजते. माणसांच्या भावनेचा जोर मोजत नाही. तपासणी असावी असे म्हणणाऱ्या दहातील नऊ जणांना आणखीही दहा गोष्टी हव्या असतात: कर कमी हवे, औषधपाणी स्वस्त हवे, मुलांना शाळा चांगली हवी. मतपेटीशी जाताना बंदुकीचा कायदा त्यांच्या मनात सातवा-आठवा असतो. उलट बाजूस जो थोडा समाज आहे, त्यातील बऱ्याच जणांच्या मनात तो पहिला असतो. तो सभासदाला पत्र लिहितो, दूरध्वनी करतो, सभेला येतो. मुख्य म्हणजे, पक्षाचा उमेदवार ठरविणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत, जेथे मतदान थोडे होते, तेथे तो न चुकता मत देतो. पुष्कळ मतदारसंघ असे आहेत की तेथे एकाच पक्षाचा विजय ठरलेला. खरी लढत पक्षाच्या आतच. अशा ठिकाणच्या सभासदाला नऊ जणांच्या थंड संमतीपेक्षा एकाच्या तापलेल्या विरोधाचे भय अधिक वाटते. त्याला भित्रा म्हणून हिणविणे सोपे आहे, पण त्याचा हिशेब चुकीचा नसतो.

हा हिशेब राजकारणी माणसे अनुभवाने शिकली आहेत. १९३४ साली, दारूबंदीच्या काळातील टोळीयुद्धांनंतर, पहिला मोठा केंद्रीय कायदा झाला. त्याने मशीनगन आणि आखूड केलेल्या बंदुका यांवर २०० डॉलरांचा कर आणि नोंदणी बसविली. मूळ विधेयकात पिस्तुलेही होती. ती वाटेतच गळाली. १९६३ साली अध्यक्ष केनेडी यांची हत्या टपालाने मागविलेल्या रायफलीने झाली. टपालाच्या बंदुकांवर निर्बंध घालण्याचा प्रयत्न सेनेटर थॉमस डॉड यांनी त्याआधीच सुरू केला होता. तरी कायदा होण्यास १९६८ साल उजाडले, आणि तोही डॉ. मार्टिन लूथर किंग व रॉबर्ट केनेडी हे दोघे त्याच वर्षी मारले गेल्यानंतर. त्यावर सही करताना अध्यक्ष जॉन्सन यांनी, नोंदणी आणि परवाना या दोन्ही गोष्टी त्यात नाहीत, अशी खंत बोलून दाखविली. १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळीबार झाला. त्यात त्यांचे प्रसिद्धी-सचिव जेम्स ब्रेडी यांच्या डोक्यात गोळी लागून ते जन्माचे अपंग झाले. त्यांच्या नावाचा, गिऱ्हाइकाची तपासणी सक्तीची करणारा कायदा १९९३ च्या नोव्हेंबरात झाला. मध्ये बारा वर्षे गेली होती. १९९४ साली काही लष्करी धाटणीच्या बंदुकांच्या नव्या उत्पादनास आणि विक्रीस दहा वर्षांची बंदी आली. त्याच वर्षीच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाने चाळीस वर्षांनी प्रतिनिधिगृह गमावले आणि खुद्द सभापती टॉम फोली पराभूत झाले. पराभवाला कारणे अनेक होती. पण अध्यक्ष क्लिंटन यांनीही त्यांत या कायद्याची गणना केली, आणि पक्षाच्या एका पिढीने धडा घेतला की या वाटेला जाऊ नये. २००४ साली त्या बंदीची मुदत संपली. ती वाढविण्यात आली नाही.

आता, ‘हा सारा पैशाचा खेळ आहे’ हे जे मत आपल्याकडे सरसकट ऐकू येते त्याविषयी. नॅशनल रायफल असोसिएशन ही संस्था १८७१ साली, यादवी युद्धात आपल्या सैनिकांचा नेम किती कच्चा होता हे पाहिलेल्या लोकांनी नेमबाजी सुधारण्यासाठी काढली. शंभर वर्षे ती मुख्यतः शिकारी आणि नेमबाज यांची संस्था होती. १९७७ साली सिनसिनाटीच्या वार्षिक सभेत जहाल सभासदांनी तिची सूत्रे हाती घेतली आणि ती राजकारणात उतरली. तिने प्रत्येक उमेदवाराला शाळेतल्यासारखे गुण देण्याची पद्धत रूढ केली, आणि ते गुण पाहून मत देणारे लाखो मतदार तिच्या मागे उभे केले. पैसा तिने खर्च केला, यात शंका नाही. पण पैसा हेच कारण असते, तर संस्था खचल्यावर कायदा मोकळा झाला असता. २०२१ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. तो न्यायालयाने फेटाळला. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने संस्थेच्या पैशाच्या गैरवापराबद्दल तिच्या दीर्घकालीन प्रमुखास दोषी धरले. संस्था दुबळी झाली, तरी सेनेटमधील मते तिच्याबरोबर दुबळी झाली नाहीत. कारण आता ते मत संस्थेचे राहिले नव्हते. ते एका पक्षाच्या आणि एका प्रकारच्या जीवनपद्धतीच्या ओळखीचा भाग झाले होते.

ही जीवनपद्धती समजून घेतली पाहिजे. मोंटाना किंवा वायोमिंगमधील पशुपालकाच्या घरापासून शेजारी काही मैलांवर असतो आणि पोलीस यावयास तास लागू शकतो. बापाने मुलाला बंदूक धरावयास शिकविणे हा तेथे वयात येण्याचा संस्कार आहे. त्याच्या दृष्टीने बंदूक हे सुताराच्या पटाशीसारखे हत्यार होय. शिकागोच्या दक्षिण भागात राहणाऱ्या आईच्या दृष्टीने बंदूक म्हणजे आपल्या मुलाचा शाळेच्या वाटेवरचा मृत्यू. दोघेही खोटे बोलत नाहीत. पण एकच केंद्रीय कायदा दोघांना लागू करावयाचा म्हटला की, प्रत्येकाला तो दुसऱ्याच्या अनुभवातून आलेला वाटतो. म्हणून कायदे होतात ते राज्याराज्यांत, आणि तेही उलट दिशांना. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स यांनी कडक नियम केले, तर २०२४ पर्यंत २९ राज्यांनी परवान्यावाचून लपवून पिस्तूल बाळगण्यास मोकळीक दिली. राज्यांच्या सीमेवर नाके नाहीत. सैल राज्यातली बंदूक मोटारीतून कडक राज्यात येते. केंद्रीय कायद्याची गरज येथेच आहे, आणि तो होणे कठीणही येथेच आहे.

माझ्यासारख्या कारभारी माणसाला सर्वांत नवल वाटते ते एका कार्यालयाचे. पश्चिम व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्ग या गावी बंदुकीचा माग काढण्याचे केंद्रीय कार्यालय आहे. गुन्ह्यात सापडलेली बंदूक प्रथम कोणी विकत घेतली हे शोधणे हे त्याचे काम. व्यवसाय बंद केलेल्या दुकानदारांच्या नोंदवह्या आणि अर्ज तेथे जमा होतात. ते कोट्यवधी कागद आहेत. त्यांची चित्रे यंत्रात उतरवून ठेवली जातात; पण मालकाचे नाव घालून त्या चित्रांत शोध घेता येईल अशी सोय करण्यास कायद्याची मनाई आहे. कर्मचाऱ्यास पानामागून पान डोळ्यांनी पाहावे लागते. १९८६ च्या कायद्याने बंदुकांची आणि त्यांच्या मालकांची केंद्रीय नोंदवही करण्यासच बंदी केली आहे. ज्या सरकारने चंद्रावर माणूस उतरविला, त्याने आपल्याच कार्यालयाचे डोळे आपल्या हातांनी झाकले आहेत! हे मूर्खपणाने झालेले नाही, जाणूनबुजून झालेले आहे. कारण विरोधकाला भय आजच्या तपासणीचे नाही, उद्याच्या यादीचे आहे. यादी झाली की जप्ती दूर नाही, असे तो मानतो. पहिल्या कायद्याशी तो भांडतो, कारण त्याला शेवटचा कायदा दिसत असतो.

आणि हा अविश्वास एकाच बाजूची मिरास आहे असेही नाही. गुलामगिरी संपताच १८६५ साली मिसिसिपीने जे कायदे केले, त्यांत मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना परवान्यावाचून शस्त्र बाळगण्यास मनाई होती. १९६७ मध्ये ब्लॅक पँथर संघटनेचे तरुण उघडपणे बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात गेले. त्याच वर्षी सार्वजनिक जागी भरलेली बंदूक बाळगण्यास तेथे बंदी आली, आणि त्या कायद्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. शस्त्रांचा कायदा कोण कोणाविरुद्ध करतो आहे, हा प्रश्न त्या देशात कायद्याच्या मजकुराइतकाच महत्त्वाचा राहिला आहे. आपला १८७८ चा अनुभव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे सांगावयास नको.

शोक आणि कायदा यांचे नाते कसे विचित्र असते हेही येथे दिसते. कायद्याची हाक उठते ती शाळेत अथवा देवळात सामुदायिक हत्या झाली म्हणजे. पण वर्षाकाठच्या मृत्यूंत अशा घटनांचा वाटा अल्प आहे. निम्म्याहून अधिक माणसे एकेकटी, आपल्या घरात, स्वतःच्या हाताने मरतात. त्यांच्यासाठी मेणबत्त्या लावल्या जात नाहीत. मग विधेयक येते ते ज्या बंदुकीचे चित्र वर्तमानपत्रात छापून आले तिच्यावर, आणि विरोधक म्हणतो की या बंदुकीने मेलेले थोडे. त्याचे हे म्हणणे खरे असते. दरम्यान दुकानांत रांगा लागतात, कारण बंदी येणार म्हणून लोक आधीच खरेदी करून ठेवतात. न्यूटाउननंतर तेच घडले. काही आठवडे जातात, शोक निवतो. पण विरोधाला शोकाची गरज नसते, तो बारमाही असतो.

अन्यत्र कायदा कसा झाला? १९९६ च्या एप्रिलात ऑस्ट्रेलियातील पोर्ट आर्थर येथे ३५ माणसे मारली गेली, आणि बारा दिवसांत केंद्र व राज्ये यांच्यात कडक नियमांचा करार झाला. सरकारने ६ लाखांहून अधिक बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या. तेथे संसदीय पद्धती आहे, घटनेत शस्त्राचा हक्क नाही, हे खरेच. पण तेथेही ते फुकट मिळाले नाही. पंतप्रधान हॉवर्ड एका संतप्त सभेत अंगरख्याखाली चिलखत घालून उभे राहिले, आणि ग्रामीण पक्षाचे नेते टिम फिशर यांनी आपल्याच शेतकरी मतदारांपुढे जाऊन त्यांना न रुचणारी गोष्ट पटवून देण्याचा प्रयत्न केला. दोन वर्षांनी क्वीन्सलंडच्या निवडणुकीत एका नव्या पक्षाने ११ जागा मिळविल्या, त्याला हा रोषही काही अंशी कारण झाला. सरकारने किंमत मोजली आणि कायदा राखला.

अमेरिकेतही असे क्षण आलेच नाहीत, असे नाही. २४ मे २०२२ रोजी टेक्सासमधील युव्हाल्डी येथे १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. त्यानंतर महिन्याभरात सेनेटने ६५ विरुद्ध ३३ मतांनी एक कायदा संमत केला. २१ वर्षांखालील गिऱ्हाइकाची अधिक कसून तपासणी, सोबतिणीवर हात उगारून शिक्षा झालेल्या पुरुषास बंदी, धोकादायक माणसाकडील बंदूक न्यायालयाच्या हुकमाने काही काळ काढून घेणाऱ्या राज्यांना आर्थिक साहाय्य, आणि मानसिक आरोग्यासाठी निधी, असे त्याचे स्वरूप. जवळजवळ तीस वर्षांतील तो पहिला मोठा कायदा. त्यात नोंदवही नव्हती, कोणत्याही बंदुकीवर बंदी नव्हती. म्हणून तो झाला. रिपब्लिकन पक्षातर्फे वाटाघाटी करणारे सेनेटर जॉन कॉर्निन यांची त्यांच्याच राज्यातील पक्षाच्या अधिवेशनात हुर्यो उडविण्यात आली. तरी ते मागे फिरले नाहीत. उलट, २०२५ च्या एका कायद्याने १९३४ चा तो २०० डॉलरांचा कर आवाज दाबणारी नळी, आखूड नळीच्या बंदुका इत्यादींपुरता शून्यावर आणला. पाऊल पुढे पडते, मागेही पडते.

समारोप करताना एक साधी आठवण सांगतो. जिल्ह्याच्या कारभारात शस्त्रपरवान्यांच्या नस्त्या माझ्यापुढे येत असत. कोकणातील एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे रानडुकरे हाकलण्यासाठी ठासणीची बंदूक होती. निवडणूक जाहीर झाली आणि प्रथेप्रमाणे बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस त्याला गेली. तो तक्रार घेऊन आला आणि म्हणाला, “सायबा, निवडणूक इली म्हणान डुकरांका कोण सांगतलो?” त्याच्या या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. तरी त्याने बंदूक जमा केली, पोच घेतली, आणि निकाल लागल्यावर ती परत नेली. माझ्या हुकमाचा त्याला धाक होता, असे म्हणून मी माझे समाधान करून घेऊ शकतो. पण खरे कारण निराळे होते. ठेवलेली बंदूक परत मिळणार, याविषयी त्याच्या मनात शंका नव्हती.

अमेरिकेतील कायद्याचे घोडे जेथे अडले आहे ती जागा हीच. घटनेचे कलम, सेनेटचे साठ, प्राथमिक निवडणुकांतील थोडके मतदार, हे सारे अडसर खरे आहेत. पण त्या सर्वांमागे, ‘मी पोच घेऊन ठेवलेली वस्तू मला परत मिळेल काय’ हा प्रश्न उभा आहे. कायदा करणारा आणि कायदा पाळणारा यांच्यात तेवढा विश्वास उरला नाही म्हणजे नऊ माणसांचे मत एका माणसाच्या भयापुढे थबकते. तो विश्वास कायद्याने निर्माण होत नाही. तो आधी असावा लागतो. आणि तो आपल्याकडे आहे म्हणून निर्धास्त राहणेही बरे नव्हे. म्हाताऱ्याला बंदूक वेळेवर परत देणाऱ्या ठाणेदारापासून ते कायदा करणाऱ्या सभागृहापर्यंत, प्रत्येकाने तो रोज थोडा थोडा कमवावयाचा असतो.